हवालदाराची बराक

हंबीरराव : ...चार, पाच, सहा. रंगे, ढवळी गैरहजर हाय! कुटं गेली?

रंगू : तुमच्या खाटेखाली बसलीय, आबा. अंगणात सावली तेवढीच आहे. ती शिट्टी ठेवा आधी. भर बारा वाजता कुणी शेरडांची हजेरी घेतं?

हंबीरराव : धा वाजता चराय, बाराला हजेरी, साडेबाराला पाणी, मंग पाच वाजंपतूर बराकीत. टायमाला टायम! शिस्त न्हाई म्हंजी जनावर वाया गेलं.

रंगू : सात शेरडांची पलटण. शत्रू कोण म्हणायचा?

हंबीरराव : हस, हस. काल शिरवळास्नं सुट्टीला आलीस, आन आज मला शिकवाय लागलीस. मास्तरीण तुझ्या शाळंत. ए ढवळे, ऊठ! बघ, हुकूम ऐकत न्हाई. रंगे, तुझ्या आयनं नुसती जीभ टाळ्याला लावली तरी समदी पळत यायची.

रंगू : तिला उठवू नका. बघा ना कशी धापा टाकतेय. तोंड उघडं, जीभ बाहेर. ही कुत्र्यासारखी कधी श्वास घेत होती का?

हंबीरराव : घेऊ दे आता चार घटका. सांच्याला बिराप्पा येनार हाय.

रंगू : कुठला बिराप्पा? मेंढरंवाला?

हंबीरराव : त्योच धनगर. समदी शेरडं त्याच्या कळपात घालतोय. शब्द दिलाय त्याला.

रंगू : आईची शेरडं? समदी? चंद्रीसुद्धा?

हंबीरराव : चंद्रीसुदीक. पोरी, तू हितं नव्हतीस. चंद्री दोन टायमाला मिळून पेलाभर दूध देतीया, ते बी गयावया केल्यावर. तिचं करडू बघ, पोट पाठीला लागलंय. ढवळी म्हैन्यामागं गाभडली, पोटातलं करडू गेलं. वैरनीला तोंड लावत न्हाईत. त्यांचा जीव तुझ्या आयमंदी हुता. ती गेली, यांचं दूध आटलं. माझ्या हाती ऱ्हायाची न्हाईत. मरताना बघण्यापरीस कळपात गेल्याली बरी.

रंगू : आबा, आई दिवाळीत गेली.

हंबीरराव : मला सांगतीस व्हय? मी घरला आलो तवा तेरावा उलटून गेल्याला.

रंगू : तसं नाही म्हणत मी. संक्रांतीला मी चार दिवस आले होते. चंद्रीचं दूध मीच काढलं. सकाळी शेर, संध्याकाळी शेर. आई जाऊन अडीच महिने झाले होते तेव्हा. दुःखानं आटायचं तर तेव्हाच आटलं असतं.

हंबीरराव : काय सांगावं. जनावराला उशिरा कळत असंल.

रंगू : मग आटलं कधी?

हंबीरराव : चैत लागल्यापास्नं म्हन की.

रंगू : आणि ही बराक उभी कधी केलीत?

हंबीरराव : शिमग्याला. का?

रंगू : सहजच. आबा, जरा आत येऊन बसता का माझ्याबरोबर?

हंबीरराव : कुटं, बराकीत? आता?

रंगू : आता. चंद्री पाचपर्यंत बसते. आपण तुमची एक चिलीम ओढून होईपर्यंत बसू.

हंबीरराव : आगं, मिसरच्या वाळवंटात तीन वर्सं काडल्याला गडी हाय मी. हे ऊन मला काय सांगतीस? चल. हां. बसलो. बघ, पक्कं काम. चारी अंगानं पत्रा, कोल्हा यायची बिशाद न्हाई. मिलिटरीच्या लिलावातला माल. वीस वर्सं हालत न्हाई.

रंगू : वारा तरी हलतो का?

हंबीरराव : वारा कशाला पायजे? थंडी लागंल करडास्नी.

रंगू : वैशाखात?

हंबीरराव : ...पटका काडतो जरा. लय घट बांधलाय आज.

रंगू : काढा. त्या पिंपातलं पाणी चाखून बघा. तुमच्या हजेरीनंतरचं ते साडेबाराचं पाणी.

हंबीरराव : चाखतो की. आरारारा! चहा टाकाय झालंय!

रंगू : लोखंडी पिंप उन्हात आहे सकाळपासून. आई पाणी कुठं पाजायची?

हंबीरराव : घरामागल्या चिंचंखाली. दगडी डोणीत. पर ती फुटकी हुती, म्हणून मी... रंगे, आपुन बाहीर बसून बोलू की. माझी चिलीम इजली.

रंगू : पेटलीच नाही अजून. आबा, मिसरात तुमच्या तंबूवर काय टाकायचात?

हंबीरराव : तंबूवर? ओली गोणपाटं. न्हाईतर मानूस शिजतंय आत.

रंगू : आणि परेड भर दुपारी असायची?

हंबीरराव : छ्या, छ्या! सायेब येडा हाय का? पहाटं आन सांच्याला. दुपारी समदे आडवे. मानूस हाय, काय जनाव...

रंगू : काय?

हंबीरराव : काय न्हाई. चल बाहीर.

रंगू : आई पहाटे शुक्राच्या चांदणीबरोबर शेरडं सोडायची. ऊन चढलं की चिंचेखाली बसवायची, रवंथ करू द्यायची. तिसऱ्या प्रहरी परत चरायला. वैरण रात्री पुढ्यात टाकायची, गारव्यात खातात म्हणून. तुम्ही घरी असायचातच कधी? तुम्हाला कसं ठाऊक असणार?

हंबीरराव : सरळ बोल. म्हंजी मी केलं. ढवळीचं करडू मीच घालवलं. तिच्या मागं तिची शेरडं मीच भाजली.

रंगू : उन्हानं केलं.

हंबीरराव : ऊन काय, दर साली पडतंय. पत्रा मी आणला. तुला म्हाईत हाय का, ह्यो पत्रा कशापायी आणला? तिला वचन दिल्यालं. पत्रात लिव्हलं हुतं, मिसरास्नं. आलो की तुझ्या शेरडास्नी सायबाच्या गोदामागत घर बांधीन. पलटणीतनं सुटून आलो, तर ती न्हाई. म्हनलं, घर तरी बांधावं. आन तेच...

रंगू : माहीत आहे मला. ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं तिला. उत्तरही मीच लिहिलं.

हंबीरराव : उत्तर तोंडपाठ हाय मला. ‘लय झ्याक हुईल. मोठं बांधा.’ पाकिटात घालून हिंडलो मी ते वर्सभर.

रंगू : आबा, ते सगळं उत्तर नव्हतं.

हंबीरराव : म्हंजी?

रंगू : ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी वाचलं, तशी हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणाली, ‘पत्र्याखाली शेरडं? पापडागत भाजतील की गं!’ मी ते लिहायला घेतलं, तर पिठाच्या हातानं माझा टाक धरला. त्या कागदाला अजून पिठाचा डाग असेल.

हंबीरराव : हाय. डाग हाय. मला वाटलं समुद्राचं पाणी लागलं.

रंगू : म्हणाली, ‘हे लिव्हू नगं. इतक्या लांब बसून त्यास्नी माझ्या शेरडांची आठवण झाली. हौस करू दे. लिव्ह, लय झ्याक हुईल.’

हंबीरराव : आन भाजली असती म्हंजी?

रंगू : तेच मी विचारलं. म्हणाली, ‘बांधू दे की. मी वर हातभर उसाचं पाचट टाकीन. इचारलं तर म्हनीन, पत्रा गंजू नये म्हणून.’

हंबीरराव : ...हातभर?

रंगू : असा हात करून दाखवला होता. कोपरापर्यंत.

हंबीरराव : लबाड! आगं, किती लबाड बाई! आन मी खुळ्यावानी खरं मानलं असतं, बघ. पत्रा गंजतुया, टाक बाई पाचट! हा हा! संसारभर ती मला एकदा बी तोंडावर चुकला म्हनली न्हाई. मला वाटायचं, मी चुकतच न्हाई.

रंगू : हसा, हसा. तुम्ही मिसरातून आल्यापासून पहिल्यांदा ऐकतेय मी.

हंबीरराव : गप. ढवळीला त्या माठातलं गार पाणी दे. चंद्रीला बी. आन ते पिंप लाथंनं पाड तिकडं. न्हाई, थांब, मीच पाडतो.

बिराप्पा : हवालदार! हैसा का घरात? लढाई पुन्यांदा लागली का काय? भांडी वाजत्याती.

हंबीरराव : ये, बिराप्पा. तू सांच्याला येनार हुतास न्हवं?

बिराप्पा : मेंढरं बशिवली वड्याच्या झाडीत. दुपारचं मेंढरू हिंडवत न्हाई आमी. म्हनलं, रिकामाच हाय, तर तुमची शेरडं बघून यावं. ही व्हय ती बराक? आगागा! हात बी लावू द्यायना. ह्यात ठेवता शेरडं? हवालदार, तुमी शेरडं पाळताय का सुकवून ठेवताय?

रंगू : बिराप्पाकाका, आत्ता तेच चाललं होतं आमचं.

बिराप्पा : पोरगी शानी हाय. आयवर गेली. बनुबाईचा हात व्हता जनावराला. चला, सोडा. सात हैत न्हवं? चंद्रीवर माजा पयल्यापास्नं डोळा हाय.

हंबीरराव : बिराप्पा, एक बोलायचं हुतं.

बिराप्पा : बोला की.

हंबीरराव : मी शब्द दिलाय. शिपायाचा शब्द. फिरवत न्हाई मी. तू म्हनलास तर आत्ता दावी हातात देतो.

बिराप्पा : आन न्हाई म्हनलो तर?

हंबीरराव : तर मी चिंचंखाली डोणी बसवीन. परेड बंद. पश्चिमंचा पत्रा काडून टाकीन, वारा येऊ दे. पहाटं मी सोता शेरडं घिऊन जाईन. शिट्टी न्हाई घेनार.

बिराप्पा : शिट्टी न्हाई? मंग बोलावनार कसं?

हंबीरराव : बनु बोलवायची तसं. जमंल हळूहळू.

बिराप्पा : करून दावा बरं.

हंबीरराव : आता? तुझ्यापुढं?

रंगू : करा ना, आबा.

हंबीरराव : त्र्... ट्ट्... ह्यॅ! दात न्हाईत रं पुढचं.

बिराप्पा : हा हा! मेंढरं पळून जातील ह्यानं! पर ती बघा, चंद्रीनं कान टवकारला. टवकारला का न्हाई? ऱ्हाऊ द्या. तुमचा शब्द मीच सोडला. तुमीबी एक शब्द द्या. ढवळीला पुढं जे करडू हुईल, ते माजं.

हंबीरराव : ढवळी? ती तर आत्ताच...

बिराप्पा : गार झाली की फळंल. सावलीत मुरू द्या दोन म्हैनं. मी मिरगाच्या पावसापतूर हाय हितं. फेरी मारीन.

(पंधरा दिवसांनी, सकाळच्या पारी, त्याच अंगणात.)

बिराप्पा : मास्तरीण, हाय का च्या? आलो कबूल केल्यापरमानं.

रंगू : बसा काका. घ्या. चंद्रीच्या दुधाचा आहे. सकाळचं शेराला थोडं कमी भरलं आज.

बिराप्पा : वा, दाट हाय. आन हवालदार कुटं?

रंगू : ते काय येतायत, शेरडं घेऊन. चांदणीबरोबर गेले होते. काल दुपारी त्यांनी खाटसुद्धा चिंचेखाली नेली. म्हणतात, पहारा करतो. घोरत होते. ढवळी उशाला.

हंबीरराव : आला व्हय रं, बिराप्पा? चंद्रे, इकडं! त्र्... ट्ट्... बघ, आली! आली का न्हाई?

बिराप्पा : आली बाबा. भ्यानं आली असंल. कातडी बी चकाकतीया की ढवळीची. ते असू द्या. पर हवालदार, एक कळंना मला. मिलिटरीचा असा झ्याक पत्रा, आन त्यावर हातभर पाचट कशापायी अंथरलंय? उन्हासाठी व्हय?

हंबीरराव : छ्या. पत्रा गंजू नये म्हणून.