काकू, अंग सैल सोडा!

...आणि वर मलाच म्हणते, "काकू, अंग सैल सोडा!" अहो, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एका पोरीच्या खांद्यावर उलटी लटकतेय मी, खाली शिडी, शिडीखाली फरशी, आणि अंग सैल सोडू? तुम्ही सोडाल? मी नुसता डबा द्यायला गेले होते हो!

त्याचं असं झालं, तुम्हाला सांगते, मागच्या महिन्यात आमच्या खालच्या घरात स्वयंपाकघर पेटलं. अग्निशमनवाले आले, विझवलं, पाइप गुंडाळले, गेले. पाणीसुद्धा न पिता! माझ्या जिवाला ते लागून राहिलं. म्हणून केक केला, डब्यात भरला आणि गेले त्यांच्या केंद्रात. निघताना आपलं सहज विचारलं, "आणखी काही मदत करू का?" ...हे कुणाला विचारू नका. कुणालाच!

तिथले मोठ्या मिश्यांचे साहेब मला वरून खाली न्याहाळायला लागले, आमचे हे कपाट विकत घेताना बघतात ना, तसे! "काकू, केक पुष्कळ येतात, माणूस येत नाही. सरावाला वाळूचा बाहुला आहे, पण तो गप्प पडून राहतो. खरी माणसं किंचाळतात, केस ओढतात, चष्मा राहिला म्हणून परत आत पळतात! तुमच्यासारखं कुणीतरी हवंय." म्हटलं, "माझ्यासारखं म्हणजे?" "म्हणजे... भरीव!"

भरीव!! आणि लगेच काट्यावर उभं करून वजनही केलं. मी नुसता डबा द्यायला गेले होते!

पण त्यांच्यामागे ती पोरगी उभी होती ना... नवीन भरती, आमच्या धाकटीच्या वयाची, मनगटं ही एवढीशी. शिडीवरून माणूस उतरवायच्या परीक्षेत दोनदा नापास. या खेपेला गेली की कायमचं टेलिफोनवर बसायचं. "मला आगीत जायचंय हो, काकू," एवढंच बोलली. संपलं! विरघळले मी.

घरी आमचे हे म्हणतात, "ती? तुला उचलणार? अगं, मला उभ्या जन्मात जमलं नाही!" दुष्ट! पण धास्ती बसलीच. पडायची नव्हे... म्हणजे पडायचीही, पण माझ्या वजनापायी पोरीचं नुकसान झालं तर? आठवडाभर भात सोडला, साखर सोडली, पोटात कावळे कोकलतायत! आणि परीक्षेच्या दिवशी काट्यावर चढले तर साहेब गरजले, "काकू! कमी झालात? आगीत सापडणारी माणसं काय आधी उपास करतात?" आणि घटलेल्या वजनाची वाळू पिशवीत भरून माझ्याच कमरेला बांधली! आता बोला!

मग मला दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसवून धूर सोडला. धूर खोटा, पण खोकला खरा. स्वतःचा हात दिसेना. किंचाळायचं ठरलंच होतं, पण मी खरंच किंचाळत होते हो! "चष्मा! माझा चष्मा!" तो नाकावरच होता! आणि त्या काळोखात माझ्या मनगटावर एक हात आला, घट्ट. "काकू, मी आलेय." बस. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, धुरामुळे नव्हे. सगळं लुटुपुटूचं ठाऊक असून माझी ही गत, मग ज्यांचं खरंच पेटतं त्यांचं काय होत असेल? आणि ही लेकरं तिथे आपणहून आत जातात?

उचललं की तिने मला, वाळूसकट! खिडकीतून बाहेर, शिडीची एकेक पायरी, तिला धाप लागलेली, मला सगळे देव आठवलेले. "अंग सैल सोडा, काकू, ताठलात की जड होता." डोळे मिटले आणि सोडलं. आयुष्यात कुणावर असा भार टाकला नव्हता मी. पाय जमिनीला लागले, साहेब ओरडले, "पास!" आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

घरी आले ती तडक जिन्यात! चपलांचं कपाट, कुंड्या, मोडकी सायकल, सगळं हलवलं. "माझी सायकल!" म्हणून हे किंचाळले. म्हटलं, उद्या तुम्हाला खांद्यावर घेऊन ती पोरगी या जिन्यातून उतरेल, ती काय सायकलीवर बसून?

सुटले एकदाची, असं वाटलं. मी नुसता डबा द्यायला गेले होते ना! तर काल साहेबांचा फोन. "काकू, आता पुराचा सराव आहे, तलावावर. पोहता येतं?" मी इतक्या आनंदाने सांगितलं, "अजिबात नाही!" तर माणूस माझ्याहून खूश! "वा, काकू! मग तर तुम्हीच हव्यात!"

...तेव्हा रविवारी काही ठरवू नका हं माझ्याबरोबर. बुडायला जायचंय.