आमचे मालक

नाय, पुढं नाय बसायचं मला. मागंच बसतो. तू पिशव्या ठेव डिक्कीत आणि चल शेंद्र्याला — गावात, कंपन्यांकडं नाय. काय म्हणतो, बुकिंग दोघांचं दिसतंय? दिसू दे. जावयानं जायच्या आधीच करून ठेवलं होतं. एकटाच आलोय. बाई राहिली पोरीकडं, हैदराबादेला. येईल. काय घाई हाय तिला?

अंदमानवरनं आलोय. व्हय, बेट. चारी अंगानं पाणी, आणि आमच्या जावयाला, विश्वजीतला, त्या पाण्याची लई हौस. तो आणि आमची दीपमाला दिवसभर होडीत, आणि आम्हा म्हाताऱ्यांना फिरायला टॅक्सी. पांढऱ्या कपड्यातला ड्रायव्हर, इस्त्री मोडू न देणारा. गाडी थांबली की पळत येऊन दार उघडायचा. मला नाय आवडलं — मला हात हायेत. वच्छलाला आवडलं, आमच्या मंडळीला. तो येऊन दार उघडेपर्यंत उतरायचीच नाय, पदर सावरून आत बसून राहायची, जशी काय कलेक्टरीण. मी म्हणायचो, उतर की. ती म्हणायची, तुम्ही व्हा पुढं. मी पुढंच. गडीमाणूस ड्रायव्हरशेजारी, बाई मागं — तुमच्यात बी असंच ना? हां. जीप असो, काळीपिवळी असो, मी कधी मागं वळून बघितलं नाय. काय बघायचं? बाई मागं हाय, हे माहीतच असतं.

त्या दिवशी ड्रायव्हर बदली होता. समुद्रावरनं परत आलो, मी पुढं बसलो, मागचं दार वाजलं — मी म्हणलं, चलो. तो निघाला. तिनं नुसती पिशवी आत ठेवली होती, आणि पायाची रेती धुवायला नळावर गेली होती. मला काय माहीत? वाटंनं मी बोलत होतो तिच्याशी — बघ, सगळ्या सुपाऱ्याच सुपाऱ्या, ज्वारीचं एक ताट नाय. ती बोलली नाय. ती तशी बोलतच नाय, मी बोलत असलो की. बेटाच्या पार त्या टोकाला, धक्क्यावर पोचलो, त्यानं मागचं दार उघडलं — पिशवी. नुसती पिशवी.

हसू नको. पुढं ऐक, मग हस. ती तिथं टॅक्सीवाल्यांना विचारीत हिंडली. ते म्हणाले, नाव सांगा माताजी, बुकिंग कुणाच्या नावावर हाय? आता ती नाव घेणार हाय का? लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव तिच्या तोंडात नाय. म्हणाली, हमारे मालक किधर गये? त्यांना वाटलं, गाडीचा मालक. नेलं की तिला टॅक्सीच्या मालकाकडं! ढेरपोट्या माणूस, जेवत बसलेला — बोलो माँजी, मैं मालिक. हिनं डोक्यावरनं पदर घेतला, म्हणाली, हे नाय, माझे मालक! सगळी हसली म्हणं. ती बी हसली. त्याच्या बायकोनं तिला मासा-भात वाढला — ती मासा खात नाय, नुसता भात खाल्ला.

मी तीच टॅक्सी माघारी फिरवून, विचारीत गेलो तवा त्या ढेरपोट्याच्या ओट्यावर बसली होती. पाय स्वच्छ धुतलेले. मी म्हणलं, नाव सांगायला तोंड नव्हतं तुला? एवढंच म्हणलं. त्या ढेरपोट्यादेखत म्हणलं, ते खरं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली — रामकिसन. सरळ. जसं बँकेतली पोरगी हाक मारती. रामकिसन, तू जा गावाला, मी दीपीकडं राहते.

तू, म्हणली.

राग यायला पायजे होता मला. आला नाय. विमानात बी वाट बघितली, चिकलठाण्याला उतरलो तवर वाट बघितली. नाय. डॉक्टर दात काढायच्या आधी सुई मारतो ना, तसं झालंय सगळ्या अंगाला. — येईल ती. पोरीच्या घरी किती दिवस राहती बाई?

हां, इथं थांबव. तुझ्या फोनवरनं लाव जरा पोरीला, माझ्यातली बॅटरी गेली. पोचलो म्हणून सांगायचं, दुसरं काय असतंय? हा नंबर. — हॅलो, दीपमाला? पोचलो. आईला दे. दे की, हाय ना शेजारी. — ऐकलं का? घर उघडतोय आता. ते देवापुढलं तेल कुठं ठेवलंय, हे विचारायचं होतं. — आं? कोण म्हणजे? मी. — मी बोलतोय. — अगं मी, मी!

घे बाबा तुझा फोन. आवाज येत नाय नीट. व्हय, रेंज नसंल. पिशव्या राहू दे, मी घेतो. तू जा.