पाहुणे येईपर्यंत

जर्मनीची मजा सांग म्हणता, तर ऐका. भाषा शिकायची म्हणून मी तिथं एका घरी लेकरं सांभाळायला राह्यले. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "तू आता आमच्या घरचीच." मी लगेच केदारखेड्याला आईला फोन लावला. आईनं जन्मभर गावातल्या एका सरांच्या घरी धुणंभांडी केलेली.

"आई, बिलकुल घरच्यासारखं ठेवतेत मला."

"पाहुणे आल्ते का अजून?"

"न्हाई. का गं?"

"येऊ दे."

रविवारी पाहुणे आले. बाईंनी माझं ताट स्वयंपाकघरात ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "काल रविवार, पाहुणे आले असतील. कुठं जेवलीस?"

म्हणलं, "टेबलावर, सगळ्यांसंगं."

आई म्हणाली, "तू लहान होतीस तवा मीबी तुला हेच सांगायचे."