चार मिनिटं वीस सेकंद

...आणि वरून मलाच विचारतात, मॅडम, तुम्ही इतक्या पळता कायले? अहो, पळू नको तर काय करू? तुम्हाला सांगते, बसल्या जागी बघायची सोय मीच केली होती, स्वतःच्या हातानं. गोंदियाच्या या राइस मिलमध्ये नेटवर्क सांभाळायला मी एकटी. पॅकिंगच्या अकरा बायांची लेकरं गोदामामागच्या पाळणाघरात, आणि त्यांच्यातच माझी चंचल, तेरा महिन्यांची. हात इकडे, जीव तिकडे. मी म्हटलं, पाळणाघरात एक कॅमेरा लावू आणि आपल्या बारा जणींसमोर बारा स्क्रीन. कॅमेऱ्यानं चित्र बारा वेळा नाही, एकदाच पाठवायचं. ज्या स्क्रीनला पाहिजे तिनं हात वर करायचा, की मधला स्विच, म्हणजे साऱ्या केबल जोडलेला डबा, तिच्याकडे एक प्रत वळवणार. याला मल्टिकास्ट म्हणतात. तीन महिने मस्त चाललं, आणि मी मलाच फार हुशार वाटायला लागले. संशय तिथेच यायला पाहिजे होता.

मंगळवारी अकराला स्क्रीन लावली. चंचल झोपलेली, एक पाय गोधडीबाहेर. किती गुणाची, म्हटलं. अर्ध्या तासानं पाहिलं, पाय बाहेरच. आणखी थोड्या वेळानं पाहिलं, पाय तिथेच... आणि ही पोरगी कशी, तर झोपेतसुद्धा काट्यासारखी फिरते, डोकं भिंतीकडे करून निजवली तर उठते दाराकडे. मग चित्राच्या कोपऱ्यातल्या वेळेवर नजर गेली. अकरा वाजून चार मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा.

तुम्हीच सांगा, अडकलेल्या चित्रातलं झोपलेलं लेकरू आणि खरंच झोपलेलं लेकरू, यांत फरक काय दिसतो? काहीच नाही. माझ्या डोक्यात मात्र त्या चाळीस मिनिटांत पाळण्याची दोरी तुटली होती, साप निघाला होता, आणि घशात काय काय अडकलं होतं ते तर मी सांगतच नाही. चपला टेबलाखाली राहिल्या, मी कोंड्याच्या ढिगातून पळत गेले. तर चंचल पाळणाघरवाल्या शामकलाबाईच्या मांडीवर मुरमुरे खात बसलेली. शामकला म्हणते, "काय झालं जी मॅडम? इत्ता दम काऊन लागला? पोट्टी तं कवाची उठली."

परत आले, स्क्रीन बंद करून चालू केली. चित्र आलं, हललं, मी घड्याळ लावून बसले. चार मिनिटं वीस सेकंद, आणि अडकलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चार मिनिटं वीस सेकंद. बाराही स्क्रीनचं तेच. म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद मी आई, आणि त्यापुढे फोटो पाहणारी बाई.

शेठ चुन्नीलालजींच्या कानावर गेलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, शनिवार तक हो गया तो ठीक, नहीं तो रूम को ताला. बच्चे घर में ही अच्छे." शांतपणे बोलणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. आणि घर म्हणजे कोणतं? घरी दिवसभर असतं कोण? सासूबाई आहेत, पण त्या केशोरीला, इथून तीन तास. नवऱ्याला फोन केला तर हेमेंद्र म्हणतात, "आई तं नेतेच म्हणून राहिली. आपण रविवारी रविवारी जात जाऊ ना भेटायला." रविवारी रविवारी. म्हणजे आठवड्यातून एकदा हलणारं चित्र.

मग काय, केबल बदलली. कॅमेरा बदलला. चित्र कुठून कुठे जायचं त्याची, म्हणजे राउटिंगची, एकेक ओळ वाचली, वाचलेली परत वाचली, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही. शामकलाला फोन करून सांगितलं, कॅमेऱ्यासमोर लाल फडकं हलवत राहा, थांबू नको. "कितीक वेळ हालवू जी?" चार मिनिटं वीस सेकंद. तिचं पाहून लेकरं हात हलवायला लागली, लेकरांचं पाहून पॅकिंगच्या बाया स्क्रीनसमोर हात हलवून राहिल्या, जशी काही स्टेशनवरून गाडी सुटून राहिली. मग चित्र अडकलं आणि बायांचे हात हवेत तसेच. पॅकिंगच्या राजकुमारीची दोन लेकरं आत. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमची पोट्टीबी आतच हाय ना? मंग ठीक हाय." ती ठीक म्हणाली आणि मी त्याच ओळी तिसऱ्यांदा वाचायला बसले.

शुक्रवारी दुपारी शेवटची केबल तपासायला वजनकाट्यावर गेले. तिथे टेकचंदजी, वीस वर्षं ट्रक तोलून राहिलेले. म्हणाले, "मॅडम, माह्या टेबलाखालचा जुना डब्बा काऊन नेला जी? चांगला होता बापा. दर दोन मिंटानं सारे लाईट एकदम लुकलुक करे. दोन लुकलुक झाल्या का मी चहा उतरवो."

मी हातातली केबल खाली ठेवली. दर दोन मिनिटांनी?

तो डब्बा म्हणजे जुना स्विच. सोमवारी मीच काढला होता, साफसफाई म्हणून, नुसता धूळ खाऊन राहिला म्हणून. आणि त्याचं काम काय? दर दोन मिनिटांनी साऱ्या नेटवर्कला विचारायचं, कोणी पाहून राहिलं का? बाराही स्क्रीन म्हणायच्या, हो. बस, एवढंच. आता विचारणाराच गेला तर स्क्रीन कशाला बोलतील? मधला स्विच बिचारा चार मिनिटं वीस सेकंद वाट पाहतो, कोणीच हो म्हणत नाही, म्हणजे चित्र कोणाला नको, म्हणून बंद करतो. त्याचं काही चुकलं नाही. कोणाचंच चुकलं नाही, एक मी सोडून.

आणि डब्बा कुठे होता, माहीत आहे? माझ्याच टेबलाखाली. चार दिवस त्याच्यावर पाय ठेवून मी बिघाड शोधत होते.

लावला परत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कोपऱ्यातली वेळ पुढे पुढेच. शेठजींना कळवलं, एक उपकरण पुन्हा बसवलं. ते कोणी काढलं होतं हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे मी त्या स्क्रीनकडून शिकलेच होते.

शनिवारी ताला लागला नाही. चंचल केशोरीला गेली नाही. चित्र आता दिवसभर चालतं, एकदाही अडकत नाही. पण माझ्या पायांना कोण सांगणार? चार मिनिटं वीस सेकंद झाले की ते आपोआप चपलेत. काल दुपारपर्यंत नवव्यांदा पाळणाघराच्या दारात उभी राहिले, तर शामकला फडकं पिळता पिळता म्हणते, "मॅडम, आता असं करा, कॅमेरा तुमच्या खुर्चीपाशी लावा आन टीवी इकडं द्या. पोट्टी तं जागेवरच हाय. तुमीच कुठी राहता थे पाहतो आमी."

लावते म्हटलं. तिलाही दिसू दे, मी खुर्चीत किती बसते ते. फार तर चार मिनिटं वीस सेकंद.