गोजरकाकूचं तत्त्व आणि साखरपुड्याचा आठवडा

...नाय, तत्त्व पाळावं, मी कुठं नको म्हणतो? पण तत्त्वाला काय वेळकाळ हाय का नाय? आमच्या सापगावच्या गोजरकाकूच्या पुतण्याचा साखरपुडा रविवारी, धसईला, आणि हिनं मोबाइलवरनं वस्तू मागवायच्या बंद केल्या त्याच्या आधीच्या सोमवारी. कायमच्या. तुमाला सांगतो, ही बाई त्या कंपनीची एवढी जुनी गिऱ्हाईक, की पार्सलवाल्यावर घरचं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. चाळण मोबाइलवर, उशीचे अभ्रे मोबाइलवर, आणि आता लसूण सोलायची नळी... रबराची, बोटाएवढी!

त्या नळीनंच घोळ केला. काकूची सून रंजिता त्याच कंपनीच्या गोदामात कामाला, हायवेला. हातात मशीन, मशीन सांगंल त्या कपाटाकडं पळायचं, जरा रेंगाळलं की ते बोंबलतं. बसायला स्टूल नाय, पाणी प्यायला गेलं तर मिनिटं मोजणार. सोमवारी पोर घरी आली ती पाय सुजवून, आणि म्हणते, "आई, तुमची नळी आज मीच काढली. पार शेवटच्या कपाटात होती." तक्रार नाय हो, सहज सांगितलं. पण काकू उठली, घमेल्यात गरम पाणी आणि मीठ आणलं, सुनेचे पाय त्यात ठेवले, आणि मोबाइल तिच्या हातात दिला. "ते काढून टाक ह्यातनं. माज्या बोटभर नळीपायी तुला पळवतात, मला नको ते."

आता ह्यात वाईट काय? काय नाय. पण तत्त्वाला काय वेळकाळ?

कारण मंगळवारी काकूनं आरशात भांग बघितला. आता हे आपल्यातच ठेवा... काकूचे केस काळे नायत. दोन वर्षं कलप लावते. गावात सांगते, "आमच्या मुरबाडकडच्या माणसांचे केस मुळातच काळे." कलप यायचा बंद खोक्यात, कुणाला काय पत्ता लागणार? आता खोकंच बंद, आणि भांगात पांढरी रेघ, साखरपुडा पाच दिवसांवर. रंजिता म्हणाली, "एकडाव मागवा ना, मी कुणाला नाय सांगत." काकू म्हणाली, "सांगणार नायस गो, पण पळणार तूच ना?"

बुधवारी शहापूरला मेडिकलात गेली, तर गल्ल्यावर कोण? रंजिताचा सख्खा भाऊ, प्रणय. "बोला मावशी, काय देऊ?" काकूनं खोकून दाखवलं आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन माघारी. गुरुवारी परत गेली, परत प्रणय, परत गोळ्या. शुक्रवारी तर त्यानंच काळजीनं विचारलं, "मावशी, छातीचा फोटो काढूया का?"

शहापूरात दुसऱ्या मेडिकलात जावं, तर सगळे प्रणयच्या ओळखीचे. राहिलं एकच दुकान, आळीतलं, कमळचं. आणि कमळशी काकू दोन वर्षं बोलत नाय, कारण तिच्या कोंबड्यांनी हिच्या वाळत घातलेल्या पापडांवर कवायत केली होती. त्या भांडणापास्नंच तर हिनं मोबाइल धरला! मग जायचं कसं? पण तत्त्वाला काय वेळकाळ?

शनिवारी संध्याकाळी गेली, कपाळापर्यंत पदर ओढून. दुकानापुढच्या फळीवर आमी पाच-सहा जण. काकूनं काडेपेटी मागितली. कमळनं मान वर न करता दिली. मीठ मागितलं, दिलं. मग काकू गल्ल्यावर वाकली आणि कायतरी पुटपुटली. कमळनं आता मान वर केली, पदराकडं बघितलं, आणि दोन वर्षं साठवलेला सगळा आवाज एकदम काढून, देवळापर्यंत जाईल असं विचारलं, "कलप काळा देऊ का तपकिरी?"

आमी सगळे, तुमाला सांगतो, एकदम आभाळ बघाय लागलो. आम्हाला वाटलं, काकू आता मीठ फेकून मारते. काकूनं पदर मागं घेतला, आम्हाला सरकायला लावून फळीवर बसली, आणि म्हणाली,

"काळा दे. आणि आता सगळ्या आळीला कळलंच हाय, तर लावून पण तूच दे. मागं माजा हात पोचत नाय."