पैनगंगेच्या दोन्ही काठचे केशवराव

भावांनो, बायांनो, आज मालेगावात तुमी कामं टाकून आले. मले बोलाले उभं केलं. मी सखाराम, किन्हीराजाचा भाजीपालावाला. सभेत कधी बोललो नाही, पन केशवराव गेले, आज बोलाच लागते.

केशवराव माह्या मळ्यातल्या खोलीत राह्यले. कॉलेजातले मोठे मानूस. मानसं गाव सोडून कुठं जातात, काहून जातात, कोन्या वंशाची, हा त्यायचा अभ्यास. पयले आले तवा हातात लोखंडी चिमटा होता. त्यानं पोहरादेवीच्या बंजाऱ्यायच्या तांड्यावर लोकायच्या डोक्याचं माप घेत.

त्याच तांड्यातली ही झमकू. हिचा नवरा पैनगंगेपल्याड, निजामाच्या हद्दीत आजारी पडला. तिकडं जाताना नाक्यावर शिपायानं हिले अडवलं. म्हने, "हे जातच चोर." केशवराव संग होते, म्हनाले, "इतकी डोकी मोजली मी. चोराचं डोकं मला अजून सापडलं नाही." संध्याकाळपर्यंत ते तिथंच उभे राह्यले. शेवटी झमकूले सोडलं.

हेच त्यायनं पुस्तकात लेहलं. डोक्याच्या मापावरून मानसाचं मन कळत नाही, नदीच्या दोन्ही काठी एकच लोक. कॉलेजातले म्हनाले, "ते पान काढा." हे म्हनाले, "नाही काढत." नोकरी गेली. घरी मोठे भाऊ म्हनाले, "तांड्यावर जेवतोस, आता तिथंच राहा."

मंग ते माह्याकडं आले. तांडा जवळ असला की बोलत, हसत. तांडा दूर गेला की चार चार दिवस वाटेकडं पाहत बसत. शहरवाल्यायले ते तांड्यातले वाटत. तांड्यातल्यायले, कितीही जीव लावला तरी, साहेबच. मंग कोनाचे होते ते?

म्या एकदा इचारलं, "साहेब, घरची याद येते काय?"

"येते ना, सखाराम. रोज येते."

दिवाळीले इचारत, "कोणी आलं होतं का?" मी नाही म्हनत जाओ. दरसाली नाही म्हननं सोपं असते काय?

शेवटच्या तापात त्यायनं डोळे उघडले अन् मले म्हनाले, "दादा, आलास?"

म्या हात धरला. म्हनलं, "आलो ना. बसलो हाओ."

मंग ते शांत झाले.

आता सारे उभे राहा. घडीभर कोनी बोलू नका. केशवराव, आमचा रामराम घ्या.