दुसरी नजर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इस्पितळाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, व्यासपीठावरच्या मुख्य परिचारिका, परिचारिका विद्यालयाच्या प्राचार्या, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या प्रसूती विभागाच्या ज्येष्ठ सुईण, आमच्या बाई, इतर विभागांतले डॉक्टर, माझे सहकारी, वॉर्डातल्या मावशी, बाईंच्या घरची मंडळी, आणि बाईंच्या हातांवर या जगात आलेले मागच्या रांगांतले लहानमोठे पाहुणे, सर्वांना माझा नमस्कार.

भाषण लिहून आणलं आहे, पण माझं लक्ष कागदावर नाही. माझी मोठी बहीण आत्ता वरच्या मजल्यावर प्रसूतिगृहात आहे. पहिलीच खेप. मी मधूनमधून दाराकडे पाहीन, तो आपला अनादर समजू नये.

दुपारपर्यंत मी तिच्याजवळच होते. मग बाई आल्या आणि म्हणाल्या, "तू खाली जा." मी म्हटलं, "बाई, ताई आहे माझी." त्या म्हणाल्या, "म्हणूनच जा. तिच्या कळा तिला पुरेत, त्यात तुझी भीती कशाला? भाषण करायचंय ना माझं? चांगलं कर. नंतर कोण मेलं माझं कौतुक करणार आहे?"

तर कौतुक करते. बाईंना सगळं इस्पितळ मागून 'बॅटरीबाई' म्हणतं. त्यांना ते माहीत आहे, हे मी आज सर्वांसमोर जाहीर करते. खोलीत दिवा असो, वर आणखी मोठा दिवा असो, बाळंतिणीला तपासताना बाई विचारणार, "बॅटरी कुठाय?" हे तपासणं म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय बाई कोण हे कळणार नाही. शब्द स्पष्ट वापरीन. या जागेचे शब्द दबून बोलले जातात आणि मग दुखणंही दबून राहतं.

मूल बाहेर येताना खालची जागा पुष्कळ बायकांची फाटते. कुणाची नुसती कातडी, कुणाचा कातडीखालचा स्नायू. या जखमा टाक्यांनी भरतात. पण कधी चीर मागे गुदद्वाराभोवतीच्या गोल स्नायूपर्यंत जाते, कधी आणखी आत. हा स्नायू म्हणजे आपला आब आहे. तो शाबूत आहे तोवर त्याची कुणालाच आठवण होत नाही. फाटलेला राहिला, तर बाईला पोटातला वारा धरता येत नाही, शौचही धरता येत नाही.

आणि तो वरून दिसत नाही, भीती त्याची आहे. वरची कातडी अगदी नीट असू शकते. म्हणून बाळामागून वार पडली, बाळ छातीशी लागलं, की बाई आधी विचारतात, "तपासू का?" दुखू नये याची सोय करतात. मग उजेड. मग जखम वरच्या टोकापासून पाहायची, कारण टोक सुटलं तर टाका चुकला. आणि शेवटी गुदद्वारात बोट घालून तपासायचं. तर्जनी आत, अंगठा बाहेर, आणि मधला स्नायू मळलेल्या पिठाची बारीक गोळी फिरवावी तसा दोन बोटांत फिरवून पाहायचा. सलग लागला तर ठीक. मध्येच खड्डा लागला, तर तिथे फाटलंय.

एकदा एक बाळंतीण बाईंना म्हणाली, "अहो, मूल पुढून आलं, तुम्ही मागे काय शोधताय?" बाई म्हणाल्या, "कुलूप शाबूत आहे का बघते. घर तुमचं आहे, विचारल्याशिवाय शिरणार नाही." ती हसली आणि म्हणाली, "बघा, पण चोर सापडला तर नवऱ्याला सांगू नका."

एवढ्यावर बाईंचं समाधान नसतं. पहिल्या सुईणीनं तपासलं की दुसरीनंही तपासायचं. बाळंतिणीला पुन्हा विचारून, पहिलीला काय सापडलं ते न विचारता. ही 'दुसरी नजर' आमच्या विभागात बाईंनी आणली. मी नवीन असताना विचारलं होतं, "बाई, माझ्यावर विश्वास नाही का?" त्या म्हणाल्या, "तुझ्यावर आहे. थकलेल्या डोळ्यांवर नाही, मग ते माझे का असेनात."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. मी हे काम घेतलं तेव्हा आत्या म्हणाली, "पदवी घेऊन सुईण? मग पदवी कशाला?" आईनं मात्र विचारलं, "तिथे नीट बघतात का गं?" तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता.

आता जे सांगते ते आईला विचारून सांगते. ती सकाळी म्हणाली, "मी डॉक्टरसमोर कधी बोलले नाही. तू माइकवर बोल." ताईच्या वेळी आईला टाके पडले. वरून चांगले पडले. बोट घालून कुणी पाहिलं नाही. त्यानंतर आई कुणाच्या लग्नात जेवली नाही, लांबच्या गाडीत बसली नाही, शाळेच्या कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची सोडून दुसरीकडे बसली नाही. घरात सगळे म्हणायचे, हिला माणसांचा कंटाळा. आम्हीही म्हणायचो. माझं शिक्षण सुरू झालं, मी घरी पुस्तक उघडून बसले, आणि आई मागून फाटलेल्या स्नायूच्या चित्राकडे बघत म्हणाली, "हे. हे माझं."

ताईला हे कळलं तेव्हापासून ती म्हणते, "मी जन्मले आणि आईचं हे झालं." कितीही समजावलं तरी तेच. काल मला म्हणाली, "कळांना मी भीत नाही. माझं न दिसता राहिलं तर, याला भिते."

मीही भिते, अध्यक्ष महोदय. वर आता जी सुईण आहे ती हुशार आहे, पण नवी आहे. प्रसूतीचे डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाईच्या ऑपरेशनमध्ये आहेत. दुसरी नजर टाकायचा सराव असलेल्या आजच्या पाळीतल्या दोघीच, आणि त्या दोघी या सभागृहात आहेत. त्यांतली एक आज निवृत्त होते आहे, आणि दुसरी मी. मला तर तिथे मनाईच आहे. बाई म्हणतात, आपल्या माणसाची जखम आपल्याला लहान दिसते, कारण ती लहानच असावी असं आपल्याला वाटत असतं.

क्षमा करा. दारात मावशी आल्या आहेत.

मावशी, इथूनच सांगा. बाळ झालं? ताई बरी आहे? … मावशी म्हणतायत, दोघं बरी आहेत. जखम आहे. वरच्या सुईणीनं तपासलं, आणि तिला दुसरी नजर हवी आहे.

बाई, तुम्ही उठलात. तुमचा सत्कार…

बाई म्हणाल्या ते मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल. म्हणाल्या, "फुलं पाण्यात ठेवा, तोवर टिकतील." आणि जाता जाता मावशींकडे बॅटरी मागितली.

अध्यक्ष खूण करतायत, बोलत राहा. बोलते. काय बोलू? कागदावर पुढे बाईंच्या बालपणाचा परिच्छेद आहे, तो मला आत्ता वाचता येणार नाही. आपण मोठे आवाज ऐकतो आणि घाबरतो, पण प्रसूतिगृहात मी घाबरते ती शांततेला. सगळं आटोपलेलं असतं, बाळ दूध पीत असतं, नातेवाईक हसत असतात, आणि कुणीतरी म्हणतं, "काही विशेष नाही, दोन टाके." त्या शांततेत माझ्या आईचं आयुष्य गेलं. बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "भिणारी सुईण मला चालते. भिऊन डोळे मिटणारी चालत नाही."

विश्वस्तांना विनंती करायची ती आत्ताच करते, नंतर धीर होईल की नाही सांगता येत नाही. बाईंच्या जागी माणूस द्या. दुसरी नजर ही बाईंची हौस म्हणून त्यांच्याबरोबर निवृत्त होऊ देऊ नका. उद्यापासून ती मी टाकीन, पण मी घरी गेल्यावर कोण? आज माझ्या घरचं माणूस वर आहे म्हणून मी हे मागते आहे. रोज कुणाचं तरी असतंच.

मावशी परत आल्या. बाई नाहीत बरोबर.

सांगा मावशी. सगळ्यांसमोर सांगा, चालेल.

स्नायू फाटलाय. अर्ध्याहून जास्त.

माफ करा. हो, पाणी द्या.

मावशी म्हणतायत, नव्या सुईणीलाही तसंच वाटलं होतं, दोघींचं जुळलं. डॉक्टरांचं ऑपरेशन संपत आलंय, त्यानंतर लगेच ताईला भूल देऊन तिथेच शिवणार. बाई तिच्या उशाशी थांबल्या आहेत. मुलगी झाली आहे. बाईंनी ताईला विचारलं, खाली बहिणीला काय सांगू? ताई म्हणाली, "आईला सांगा, माझं सापडलं."

मंडळी, माझी भीती गेलेली नाही. शिवलेलं भरायला दिवस जातात, आणि सगळ्यांचं पूर्ण भरतंच असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पण आज कुठे फाटलंय ते आम्हाला माहीत आहे.

अध्यक्षांचे आभार, मला मध्येच थांबवलं नाही म्हणून. आपल्या सर्वांचे आभार, हे शब्द मान खाली न घालता ऐकलेत म्हणून. बाईंचे आभार त्या खाली आल्या की तुम्ही माना, कारण मी इथे नसेन. बोलण्यात क्रम राहिला नाही, मान्यवरांचा मान कुठे राहून गेला असेल, तर पोटात घाला. आई बाहेर व्हरांड्यात बसली आहे, वर जायचा तिला धीर झाला नाही. हा निरोप तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. मला जाऊ द्या.